लातूरचं हॉस्पिटल, लकव्याचा इमर्जन्सी विभाग: 5 पैकी 4 स्टार

लकवा हलका असेल तर रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं का नाही, हे इथले डॉक्टर कसं ठरवतात ते डोळ्यानं बघितलं म्हणून लिहितोय. आमचे आण्णा औशाला टेलर आहेत. कापड कापता कापता उजव्या हातातली कात्री निसटली, बोटं जुळेनात. आधी जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर तिथं म्हणले बोलतात चालतात, काही झालेलं नाही, गोळी देतो घरी न्या. मला पटलं नाही, तसंच गाडीत घालून लातूर गाठलं.

इथं आल्या आल्या शुगर बघितली, लगेच सीटी स्कॅन, कारण मेंदूत रक्तस्राव असला तर हे इंजेक्शन देताच येत नाही. मग डॉक्टर मॅडमनी तपासून झटका किती मोठा त्याचा स्कोअर काढला, 2 आला. हा स्कोअर 42 पर्यंत जातो आणि 5 पर्यंतचा हलका धरतात म्हणे. पण त्या तिथं थांबल्या नाहीत, काम काय करता विचारलं, शर्टाचं बटण लावून दाखवा म्हणल्या. आण्णा लई वेळ खटपट करत होते, काजात बटण जाईना. मॅडम म्हणल्या काका, या हातावर तुमचं पोट आहे, तुमच्यासाठी हे हलकं कसं म्हणू? झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत होतो, इंजेक्शन दिलं. आता शिवण बऱ्यापैकी जमतंय, बारीक काम अजून आई करते.

शेजारच्या बेडवरच्या मावशींना मात्र दिलं नाही. त्यांचा फक्त गाल बधिर, बाकी सगळं रोजचं काम जमत होतं. त्यांच्या पोराला वाटलं पैशामुळं टाळतात का काय, तर मॅडमनी त्याला बसवून समजावलं की 2018 मध्ये अमेरिकेत 313 पेशंटवर अभ्यास झाला, अशा अडचण न करणाऱ्या हलक्या झटक्यात इंजेक्शनचा अॅस्पिरिनपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, उलट 3 टक्क्यांच्या आसपास लोकांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. म्हणून त्यांना अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, या गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या 21 दिवस. दोघांचा झटका हलकाच, पण उपचार वेगळे, आणि दोन्ही निर्णय मला पटले.

एक स्टार कापला तो संमतीच्या फॉर्मसाठी. सगळा इंग्रजीत, घड्याळ पळतंय आणि आमची आई म्हणतीय यात काय लिहिलंय ते तर सांगा. मराठीत छापा की राव, एका पानाचा तर प्रश्न आहे.