ब्रिंकलोचा नॉर्मन किल्ला: उरलीये फक्त माती, पण बघाच

इंग्लंडमध्ये कव्हेंट्री आणि रग्बी या शहरांच्या मधे ब्रिंकलो गाव आहे, तिथे चर्चच्या मागेच हा किल्ला, तिकीट वगैरे काही नाही. भिंती बुरुज शोधत असाल तर एकही दगड दिसणार नाही, कारण 1066 मध्ये फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन लोकांनी असे किल्ले पटापट माती आणि लाकडात उभे केले, लाकूड कधीच कुजून गेलं, माती मात्र अजून तशीच आहे. साधारण 12 मीटर उंच टेकाड, त्याला मॉट म्हणतात, आणि पुढे खंदकाने वेगळी केलेली दोन आवारं म्हणजे बेली. बाकी बऱ्याच ठिकाणी एकच बेली असते बरं का, इथे दोन! खंदकात उतरून वर बघा, चढून येणाऱ्याची काय हालत होत असेल ते लगेच कळतं. वर गेल्यावर फॉस वे हा रोमन रस्ता इथून का राखायचा तेही समजतं. मला तर भारी आवडलं, दगडी किल्ल्यांपेक्षा इथे रचना जास्त स्वच्छ दिसते. पावसानंतर उतार फार निसरडा होतो, चांगली ग्रिप असलेले बूट घाला, लहान मुलांचा हात धरा. हिवाळ्यात गवत कमी असताना जा, संध्याकाळच्या तिरक्या उन्हात खंदकाच्या कडा एकदम उठून दिसतात. पाचपैकी साडेचार.