घरी रक्तगट तपासायचा संच: रसायन ठीक, पुस्तिका टाकाऊ

रक्तगट घरी तपासायचे छोटे संच आता ऑनलाइन सर्रास मिळतात. त्यातला एक, किंमत सातशेच्या आत, मुंबईत भेटवस्तू म्हणून खपतोय, कारण सोबत ‘रक्तगटावरून स्वभाव’ अशी रंगीत पुस्तिका आहे. दोन्हींचा हिशोब वेगवेगळा करायला हवा.

डब्यात तीन बाटल्या आहेत: अँटी-ए निळी, अँटी-बी पिवळी, अँटी-डी बिनरंगी, प्रत्येकी ५ मिली. रक्तात मिसळल्यावर ज्या बाटलीने गुठळ्या होतात, तो गट; अँटी-डी आरएच, म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, ते सांगते. सोबत पाच लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), स्पिरिटचे पाच स्वॅब, तीन गोल छापलेली कार्डं आणि काड्या. घोळ इथूनच सुरू होतो. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, म्हणजे रसायन शंभर जणांना पुरतं आणि सुया फक्त पाच. हा डबा सोसायटीच्या कार्यक्रमात निघाला की सहाव्या माणसाला काय लावणार? लॅन्सेट एकदाच वापरायची. केमिस्टकडे शंभर लॅन्सेटचा डबा मिळतो, तो आधी आणा.

बाटल्या २ ते ८ अंशांतच राहायला हव्यात. मे महिन्यात कुरिअरने आलेल्या डब्यात बर्फाची जेल-पिशवी नसेल तर परत पाठवा. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. द्रव गढूळ दिसला तर फेकून द्या. घरात ए आणि बी गट पक्के ठाऊक असलेली माणसं असतील, तर आधी त्यांच्या रक्तावर बाटल्या तपासून घ्या.

कृती सोपी आहे, पण चुकते. हात कोमट पाण्याने धुवा, अनामिकेच्या कडेला स्पिरिट लावा आणि ते पूर्ण वाळू द्या. ओलं स्पिरिट रक्तपेशी फोडतं, मग गुठळी दिसतच नाही. पहिला थेंब पुसा, बोट पिळू नका. प्रत्येक गोलात आधी रसायनाचा एक थेंब, शेजारी रक्ताचा एक. ड्रॉपरचं टोक रक्ताला लागलं की बाटली बाद. गोलागणिक नवी काडी घेऊन दोन सेंटिमीटरभर पसरवा, कार्ड हलकं कलतं करत राहा आणि दोन मिनिटांच्या आत वाचा. सूचनापत्रकात ‘पाच मिनिटांनी पाहा’ असं छापलंय, ते सरळ चूक आहे. तोवर कडा वाळतात आणि वाळलेले कण गुठळीसारखे दिसतात. चौथा गोल, नुसत्या सलाइनचा, कार्डावर हवाच होता. रक्त रसायनाशिवायच आपोआप चिकटतंय का हे त्यावरूनच कळतं. पेशींवर डी प्रतिजन (गट ठरवणारी खूण) कमकुवत असेल तर पॉझिटिव्ह माणूसही इथे निगेटिव्ह दिसू शकतो.

सगळ्यात मोठी अडचण ‘ओ’ची. ए आणि बी दोन्ही गोलांत काहीच झालं नाही की हा संच ‘ओ’ म्हणतो. पण १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच शोधलेला बॉम्बे रक्तगटही इथे अगदी असाच दिसतो. त्या पेशींवर, ओ पेशींवरही असणारं एच प्रतिजनच नसतं आणि प्लाझ्मात त्याच्याविरुद्ध जोरकस प्रतिद्रव्यं असतात, त्यामुळे अशा माणसाला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. भारतात साधारण दहा हजारांत एक असा असतो. ओळखायला अँटी-एच किंवा माणसाच्या प्लाझ्मात ओ पेशी मिसळून केलेली उलट तपासणी लागते. रक्तपेढीत ती होते, या डब्यात नाही. पुस्तिका मात्र अशा माणसालाही बिनदिक्कत ‘जन्मजात पुढारी’ ठरवून मोकळी.

पुस्तिकेचा माल जपानी आहे. १९२७ मध्ये ताकेजी फुरुकावा यांनी रक्तगट आणि स्वभाव यांची सांगड घातली, १९७१ पासून मासाहिको नोमी या लेखकाने ती घरोघरी नेली. ए टापटीप, बी मनस्वी, एबी विक्षिप्त. केंगो नावाता यांनी २०१४ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली, तर ६८ पैकी ६५ प्रश्नांत गटागटांत फरकच नव्हता. उरलेल्यांत होता तो नगण्य. शिवाय जपानात ए सर्वाधिक आणि बी त्याच्या साधारण निम्मा, आपल्याकडे बी हा ए पेक्षा जास्त. ‘गर्दीत न मिसळणारा बी’ विरार लोकलच्या कुठल्याही डब्यात ढिगाने सापडेल.

गट कळावा एवढंच हवं असेल तर रक्तदान शिबिरात जा. १८ वर्षं पूर्ण आणि ४५ किलो वजन असेल तर घेतात, गट नीट तपासून कळतो, पैसेही लागत नाहीत. हा संच शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवायला बरा.

शेवटची दोन पानं ‘जोडी जुळवा’ची आहेत आणि ती खरी त्रासदायक. आपल्याकडे स्थळाच्या बायोडेटात रक्तगट असतोच, त्यात ‘दोघांचा गट सारखा असेल तर लग्न नको’ हा गैरसमज आधीच घट्ट. सारख्या गटाने काही बिघडत नाही. पाहायचं ते आरएच: आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. २८व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात. पुस्तिकेत आरएचचा उल्लेखच नाही.