संदेश कुलपात ठेवावा की लपवावा?

खासगी मजकूर पाठवायचा तर दोन वाटा आहेत. एन्क्रिप्शन केलं की संदेश सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जातो, पण किल्लीशिवाय तो कुणाला वाचता येत नाही. स्टेगॅनोग्राफीत तो एखाद्या फोटोत किंवा आवाजाच्या फाइलमध्ये दडवतात. संदेश आहे याचाच पत्ता लागू द्यायचा नसतो. यांतलं काय घ्यावं हे एका प्रश्नावर ठरतं. मजकूर दुसऱ्याने वाचला तर तुमचं नुकसान आहे, की तुम्ही काहीतरी गुप्त पाठवताय एवढं कळलं तरी? पहिलं असेल तर सरळ एन्क्रिप्शन घ्या. बहुतेकांची गरज तेवढीच असते.

एन्क्रिप्शनवर माझा भरवसा जास्त आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने १८८३ साली मांडलेलं तत्त्व आजही लागू आहे: पद्धत शत्रूला पाठ असली तरी चालेल, किल्ली तेवढी त्याच्या हाती लागता कामा नये. २००१ मध्ये एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेली एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत कुणालाही वाचायला खुली आहे. जगभरचे अभ्यासक तेव्हापासून तिच्यावर घाव घालताहेत. व्यवहारात ती फोडायची वाट अजून सापडलेली नाही. कच्चा राहतो तो पासवर्ड. फाइल २५६ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १) किल्लीने बंद केली आणि पासवर्ड ठेवला वाढदिवसाची तारीख, तर फोडणारा एईएसच्या वाटेला जाणारच नाही, तारखा चालवून बघेल. शिवाय कोण कुणाशी, कधी, किती बोललं हे एन्क्रिप्शनने झाकलं जात नाही.

लपवणं कसं चालतं ते एका अक्षरावर बघू. यूटीएफ-८ या अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत ‘क’ला ३ बाइट लागतात, म्हणजे २४ बिट. रंगीत फोटोच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये, म्हणजे ठिपक्यात, लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. प्रत्येकाचा शेवटचा बिट वापरला तर ८ पिक्सेलमध्ये ‘क’ बसतो. त्याचे पहिले तीन बिट १, १, १ आहेत. सम आकड्याचा शेवटचा बिट ० असतो, विषमाचा १. पिक्सेल १४२, ९७, ६० असेल तर तो १४३, ९७, ६१ होतो. डोळ्याला हा फरक कळत नाही. १००० बाय १००० पिक्सेलच्या फोटोत अशी सव्वा लाख चिन्हं मावतात (काना, मात्रा वेगळ्या मोजून).

मावतात, पण तेवढी भरू नका. फोटो भरत गेलात की १४२-१४३ सारख्या जोडीतले दोन्ही आकडे जवळपास सारख्याच वेळा येऊ लागतात, आणि साध्या फोटोत सहसा तसं नसतं. वेस्टफेल्ड आणि फिट्समन या संशोधकांनी १९९९ मध्ये नेमकी हीच खूण पकडणारी सांख्यिकी चाचणी मांडली. डोळा फसतो, गणित फसत नाही.

दुसरी अडचण रोजच्या वापरातली. मी एकदा असा फोटो एका मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवला. पलीकडे तो दिसायला जसाच्या तसा पोचला, मजकूर काढायला गेलो तर नुसता कचरा. अ‍ॅपने वाटेत तो जेपेगमध्ये पुन्हा दाबला होता आणि शेवटचे बिट त्यात धुऊन गेले होते. म्हणून आधी त्याच मार्गाने एक चाचणीचा फोटो पाठवा आणि मजकूर परत निघतो का ते बघा.

एन्क्रिप्टेड फाइल जवळ सापडणंच ज्याच्या अंगाशी येईल, उदाहरणार्थ पत्रकाराला आतली माहिती देणारा माणूस, त्याने दोन्ही वापरावं. तिथे क्रम चुकवू नका: आधी एन्क्रिप्शन, मग लपवणं. नुसतं लपवलेलं सापडलं की वाचलंच गेलं. एन्क्रिप्ट केलेलं सापडलं तर हाती लागते फक्त बिटांची रास. फोटो स्वतः काढलेला आणि कुठेही न टाकलेला घ्या. मूळ प्रत मिळाली की दोन फाइली शेजारी ठेवून फरक क्षणात निघतो, त्यामुळे काम झालं की ती पुसून टाका. लपवायचं सॉफ्टवेअरही त्याच फोनवर ठेवू नका. ते दिसलं की प्रत्येक फोटो तपासायला कारण मिळतं.