जर्मेनियम की लँथॅनम ब्रोमाइड : कणत्वरकाच्या भिंतीचं काँक्रीट मोजताना

जुना सायक्लोट्रॉन (एक प्रकारचा कणत्वरक) बंद होतो तेव्हा यंत्र उचलून नेता येतं, भिंती मात्र उरतात. वर्षानुवर्षं न्यूट्रॉन झेललेलं ते जाड काँक्रीट. त्यातलं किती साधं डबर म्हणून सोडायचं आणि किती किरणोत्सारी कचरा म्हणून पिंपांत भरायचं, हे गॅमा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे गॅमा किरण किती आले याचा आलेख, बघून ठरतं. बजेटमध्ये डिटेक्टर बहुधा एकच बसतो. ज्यांच्यावर तो निवडायची वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. जर्मेनियमचा आणि लँथॅनम ब्रोमाइडचा, असे दोन्ही मी वापरले आहेत आणि या कामासाठी एक निवडला आहे. तुमचं काम थोडं वेगळं असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

सोडियम आयोडाइडचा नेहमीचा डिटेक्टर तुलनेत घेतलेला नाही. ६६२ केईव्हीला (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, गॅमाच्या ऊर्जेचं एकक) साधारण सात टक्के रिझोल्युशन, म्हणजे स्पेक्ट्रममधला सुळका, ज्याला पीक म्हणतात, तो ४५ केईव्हीच्या आसपास रुंद. 'इथे काहीतरी आहे' एवढं ते सांगतं, 'काय आहे' ते काँक्रीटच्या बाबतीत सांगत नाही.

आधी काँक्रीटमध्ये शोधायचं काय ते बघू, कारण निवड तिथेच ठरते. सिमेंट-खडीत युरोपियम, कोबाल्ट, सिझियम अगदी नखभर असतात. पण युरोपियम-१५१ ला औष्णिक (मंदावलेल्या) न्यूट्रॉनची एवढी हाव असते की तेवढंसं युरोपियमही पुरतं. त्यातून युरोपियम-१५२ तयार होतं, अर्धायुष्य साडेतेरा वर्षं. सोबत कोबाल्ट-६० (५.२७ वर्षं), युरोपियम-१५४ (८.६ वर्षं), सिझियम-१३४ (दोन वर्षांच्या थोडं वर), आणि जास्त ऊर्जेच्या न्यूट्रॉनमुळे सोडियम-२२ व मँगनीज-५४. यंत्र थांबून बरीच वर्षं झाली असतील तर मुख्य सामना युरोपियम-१५२ आणि कोबाल्ट-६० यांच्याशीच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शक मूल्यांत या साऱ्यांची मुक्तता-पातळी (जिच्या खाली असलं तर साधं डबर म्हणून सोडता येतं) ०.१ बेक्वेरेल प्रति ग्रॅम आहे, आणि प्रत्येकाचं पातळीशी असलेलं गुणोत्तर काढून सगळ्यांची बेरीज एकच्या आत बसवावी लागते. त्यामुळे प्रत्येकाचा आकडा वेगळा हवा, नुसती एकूण मोजणी चालत नाही. त्याच काँक्रीटमध्ये निसर्गाचं पोटॅशियम-४०, युरेनियम आणि थोरियम मालिका आहेतच. एकटं पोटॅशियमच बहुतेक वेळा या पातळीच्या वर असतं, पण ते नैसर्गिक असल्यामुळे त्याचा हिशेब निराळा. थोडक्यात, नैसर्गिक गोंगाटाच्या आत दबलेला कृत्रिम आवाज ऐकायचा आहे.

(ट्रिटियम आणि लोह-५५ या दोघांसाठी दोन्ही डिटेक्टर सारखेच आंधळे. त्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.)

आता लँथॅनम ब्रोमाइड. या स्फटिकाचा शोध २००१ च्या सुमाराचा, डेल्फ्टमधल्या मंडळींचा. पहिल्यांदा हाताळलं की प्रेमातच पडायला होतं. थंड करणं नाही, वाट बघणं नाही. व्होल्टेज दिलं की थोड्याच वेळात मोजणी सुरू. ६६२ ला तीन टक्क्यांच्या आत रिझोल्युशन. गॅमा पडला की स्फटिक चमकतो, आणि त्या प्रकाशाचा ऱ्हास १६ नॅनोसेकंदांत, म्हणजे सोडियम आयोडाइडच्या दहापटीहून जलद, त्यामुळे मोजणीचा दर वाढला तरी तो गांगरत नाही. हातात धरून भिंतीवर फिरवता येतो. बंद सायक्लोट्रॉनच्या खोलीत गरम जागा शोधायला, बीमची वळणं जिथे असायची तिथल्या कोपऱ्यांचा अंदाज घ्यायला मला यापेक्षा सोयीचं काही सापडलेलं नाही.

पण त्याची एक खोड आहे, आणि माझ्यापुरता निर्णय तिनेच केला.

नैसर्गिक लँथॅनममध्ये सुमारे ०.०९ टक्के लँथॅनम-१३८ असतं आणि ते स्वतः किरणोत्सारी आहे. अर्धायुष्य शंभर अब्ज वर्षांच्या घरात, म्हणून कागदावर ते नगण्य वाटतं. पण स्फटिकात अणू इतके असतात की दर घनसेंटिमीटरला सेकंदाला सुमारे दीड विघटन होतं. दोन इंच व्यासाचा, दोन इंच उंचीचा स्फटिक घ्या : सेकंदाला दीडशेच्या आसपास. शिशाची भिंत कितीही जाड करा, उपयोग शून्य, कारण उगम आतच आहे. कुंपणच शेत खातंय, मग राखण कुणाची करायची?

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. खरी कटकट ही की ते नेमकं कुठे खातं. लँथॅनम-१३८ ची दोन-तृतीयांश विघटनं १४३६ केईव्हीचा गॅमा देतात. सोबत, या विघटनातून तयार होणाऱ्या बेरियमचे क्ष-किरण त्याच स्फटिकात शोषले जातात, म्हणून स्पेक्ट्रममध्ये मुख्य पीक १४७० च्या थोडं वर दिसतं आणि त्याच्या डाव्या अंगाला १४४० च्या आसपास एक खांदा. मधोमध, १४६१ ला, पोटॅशियम-४०. आणि डावीकडे १४०८ ला युरोपियम-१५२ ची ती रेषा (ठराविक ऊर्जेचा गॅमा), जी जर्मेनियमवर मला सगळ्यात जास्त कामाला येते. लँथॅनम ब्रोमाइडची या भागातली पीकरुंदी तीस केईव्हीच्या आसपास. म्हणजे तिघांचा मिळून एकच उंचवटा. काँक्रीटची चकती काढून घेतली, शिशाचं झाकण लावलं, रिकामं मोजलं, तरी उंचवटा तिथेच, थोडा बुटका झालेला.

मग म्हणावं, दुसऱ्या रेषा घेऊ. युरोपियम-१५२ ला त्यांचा तोटा नाही. घेऊन बघा. ७७९ घेतली तर लँथॅनमची उरलेली एक-तृतीयांश विघटनं ७८९ केईव्हीला गॅमा देतात, आणि त्यात बीटाची ऊर्जा मिसळून तिथून १०४० पर्यंत एक लांबलचक पाठ उमटते. ९६४ त्या पाठीवरच बसते, आणि शेजारी थोरियम मालिकेतलं ॲक्टिनियम-२२८ असतंच. १११२ जरा बाहेर पडते, पण बिस्मथ-२१४ ची ११२० तिला चिकटलेली. ३४४ घेतली तर एका बाजूला ३३८, दुसऱ्या बाजूला शिसे-२१४ ची ३५२. १२२ खाली कॉम्पटनच्या (ऊर्जा अर्धवटच सोडून गेलेल्या गॅमांच्या) चिखलात, आणि तिथे युरोपियम-१५४ ची १२३ सोबतीला. एकही रेषा मोकळी सापडत नाही. शोधलं की उत्तर मिळतं, पण ते दरवेळी गणिताच्या कुबड्या घेऊन येतं.

यावर ठरलेला सल्ला असा : रिकामा स्पेक्ट्रम घ्या आणि वजा करा. तत्त्वतः बरोबर आहे. पण समजा त्या उंचवट्यात दहा हजार मोजण्या स्फटिकाच्या स्वतःच्या आहेत आणि दोनशे नमुन्याच्या. दोन स्पेक्ट्रम एकमेकांतून वजा केले की नुसती सांख्यिकी अनिश्चितता एकशे चाळीसच्या घरात जाते. दोनशे अधिक-उणे एकशे चाळीस हा आकडा घेऊन 'हे सोडा' म्हणायला मला तरी धीर होत नाही. वेळ वाढवला तर सुधारतं, पण मग लँथॅनम ब्रोमाइड घेतलं होतं ते वेळ वाचवायला ना?

त्यात तापमानाची भर. स्फटिकाच्या चमकेचा विद्युत संकेत करणाऱ्या प्रकाशगुणक नळीचा गेन, म्हणजे संकेत वाढवण्याचं प्रमाण, खोलीच्या तापमानाबरोबर सरकतो. १४४० केईव्हीला एक टक्का सरकणं म्हणजे चौदा केईव्ही, पीकच्या निम्मी रुंदी. सकाळी घेतलेला रिकामा स्पेक्ट्रम दुपारच्या नमुन्यातून वजा केला की एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड उरतं, आणि ते टेकाड १४०८ जवळ असलं की हुबेहूब युरोपियमसारखं दिसतं. स्फटिकाचं स्वतःचं पीक वापरून गेन स्थिर ठेवता येतो. ही या खोडीतली एक चांगली बाजू म्हणावी, फुकटचा संदर्भबिंदू आहे तो. पण काँक्रीटमध्ये पोटॅशियम भरपूर असलं की संदर्भबिंदूच त्याच्याकडे झुकतो. माझ्या अनुभवात हा खेळ वातानुकूलित प्रयोगशाळेत निभतो, भिंतीपाशी नाही. तुमच्याकडे चांगली स्थिरीकरण-प्रणाली असेल तर कदाचित एवढा त्रास होणार नाही.

१.६ ते ३ एमईव्हीच्या (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) पट्ट्यातला अल्फांचा गोतावळाही आहे, लँथॅनमसोबत राहून जाणाऱ्या ॲक्टिनियम-२२७ मुळे. काँक्रीटच्या कामात तो विशेष आड येत नाही.

जर्मेनियमवर तोच नमुना ठेवला की चित्र पालटतं. १३३२ ला पीकची रुंदी दोन केईव्हीच्या आसपास. १४०८ आणि १४६१ यांच्यामध्ये सपाट जमीन दिसते. १२१.८ आणि १२३.१ या जोडीतली फटही चांगल्या डिटेक्टरवर दिसते. अर्थात जर्मेनियम म्हणजे डोळे मिटून विश्वास, असंही नाही. बिस्मथ-२१४ ची एक बारीक रेषा अगदी १४०८ वरच पडते. तिचा वाटा ६०९ च्या पीकवरून काढून वजा करावा लागतो. ९६४ मध्येही ॲक्टिनियम-२२८ ची रेषा लपलेली असते. युरोपियम-१५४ आणि सोडियम-२२ दोघांची मोठी रेषा १२७४ लाच आहे, तिथे जर्मेनियमसुद्धा हात टेकतं. तेव्हा युरोपियम-१५४ साठी ७२३ बघायची आणि उरलेलं सोडियमच्या खात्यात टाकायचं. फरक एवढाच की इथल्या दुरुस्त्या मोजक्या आहेत, प्रत्येकीचं कारण माहीत आहे, आणि हवामान बदललं म्हणून त्या बदलत नाहीत. नमुना डिटेक्टरला चिकटवून ठेवला तर १४०८ आणि १२२ एकदम पडून बेरीज १५३० ला जाते, ती दुरुस्ती दोघांनाही चुकत नाही.

जर्मेनियमची कटकट सगळ्यांना पाठ आहे : डिटेक्टर थंड ठेवायला लागणारा द्रव नायट्रोजन. ड्यूअर (त्या नायट्रोजनचं थर्माससारखं भांडं) साधारण आठवड्याने भरायचा, सुट्ट्या आल्या की कोण भरणार यावर वाद, आणि बंद खोलीत नायट्रोजन सांडला तर ऑक्सिजन हटतो, म्हणून ऑक्सिजनचा अलार्म लावायचा. अर्धवट गरम झालेला डिटेक्टर तसाच पुन्हा थंड करायचा नाही. पूर्ण गरम होऊ द्यायचा आणि मग पहिल्यापासून, म्हणजे दिवस गेला. विजेवरच्या शीतकामुळे भरण्याचा जाच जातो, पण त्याची कंपनं स्पेक्ट्रममध्ये डोकावतात आणि वीज गेली की काळजी लागते. मला स्वतःला ड्यूअर बरा वाटतो. बिनआवाजी असतो आणि विजेवर रुसत नाही.

शिवाय या कामात जर्मेनियमचं जडपण तितकंसं नडत नाही. औष्णिक न्यूट्रॉनचा जोर भिंतीच्या पृष्ठभागावर नसून काही सेंटिमीटर आत असतो, त्यामुळे भिंतीवरून केलेलं मोजमाप आत किती खोलवर काय आहे याची खरी कल्पना देत नाही. कोअर (भिंतीतून कापून काढलेले दंडगोल) काढावेच लागतात, चकत्या पाडाव्याच लागतात, आणि त्या प्रयोगशाळेतच येतात. नमुना डिटेक्टरकडे चालत येतोय म्हटल्यावर डिटेक्टर हलका असण्याचं मोल निम्म्यावर येतं. किमतीत जर्मेनियम जड जाईल, नायट्रोजनचा खर्च पुढे चालूच राहील. पण संशयापायी पिंपात गेलेलं चांगलं काँक्रीटही खर्चातच मोडतं.

लँथॅनम ब्रोमाइड कुणी घ्यावं? यंत्र चालू असताना जलद गॅमा मोजायचे असतील, दोन गॅमांमधला वेळ नॅनोसेकंदाच्या आत पकडायचा असेल, किंवा कचऱ्याची पिंपं मुक्तता-पातळीच्या खूप वर असून फक्त सिझियम-१३७ आणि कोबाल्ट-६० यांचं प्रमाण हवं असेल, तर नि:संकोच घ्या. तिथे सेकंदाला दीडशे मोजण्यांना कोण विचारतो? मधला मार्ग हवा असेल तर सिरियम ब्रोमाइड बघा. ६६२ ला चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पीक जरा पसरट, पण लँथॅनम-१३८ ची भानगड नाही. १४०८ आणि १४६१ तिथे कसेबसे वेगळे काढता येतात. जर्मेनियम परवडत नसेल तर या कामासाठी मी लँथॅनमच्या आधी सिरियमचा विचार करेन.

लँथॅनम ब्रोमाइडच घ्यायचं ठरलं, तर विक्रेत्याकडून नमुन्याचा देखणा कोबाल्ट स्पेक्ट्रम घेऊन समाधान मानू नका. त्याच स्फटिकाचा, शिशाच्या आत, रात्रभर घेतलेला रिकामा स्पेक्ट्रम मागा आणि ७०० ते १५०० केईव्हीचा भाग मोठा करून बघा. जर्मेनियम घेणार असाल तर पी-प्रकारचा की एन-प्रकारचा, हा प्रश्न येईल. एन-प्रकार न्यूट्रॉनचा मार जास्त सोसतो, पण बंद पडलेल्या यंत्राच्या काँक्रीटमधून आता न्यूट्रॉन येत नाहीत. तिथे साधा पी-प्रकार पुरतो, आणि वाचलेले पैसे शिशाच्या चांगल्या कोठीत घालता येतात.