रिटर्न कुणाकडं भरावं: कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला की लॉ कॉलेजची पोरं?

माझा छोटा हत्ती उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं कास्टिंग वाहतो. वर्षाचं भाडं चार लाख चाळीस हजारांच्या आसपास. कर काही बसत नाही, पण फाउंड्रीवाले भाड्यातून एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात आणि तो परत हवा तर आयकराचं रिटर्न भरावंच लागतं. आमच्यासारख्यांना बेळगावात दोन वाटा: कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला, नाहीतर लॉ कॉलेजचं मोफत कायदा सल्ला केंद्र. मी दोन्हीकडं बसून आलोय.

घाई असेल तर कॉम्प्युटरवालाच बरा. पाचशे रुपये, वीस मिनिटं, वर चहा. उधारी चालते. कॉलेजात यातलं काही नाही. आमच्याकडं ते शनिवारीच बसतात, परीक्षा आल्या की तेही बंद, आणि पोरांनी लिहिलेला कागद सरांनी बघितल्याशिवाय पुढं सरकत नाही. माझं काम तीन शनिवार चाललं. शनिवारी एक खेप बुडते, म्हणजे फुकट म्हणायचं एवढंच.

तरी मला तिकडं ढकललं ते एका मोबाईल नंबरानं.

२०२३ च्या जुलैत कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला, "काका, काकूंच्या फोनवर ओटीपी आलाय, विचारून सांगा." माझ्या आधारला बायकोचाच नंबर जोडलाय. सांगितला. ४,४०० रुपये यायचे होते. दिवाळी गेली, पाडवा गेला. विचारलं की एकच उत्तर, "येतंय की, डिपार्टमेंटला वेळ लागतोय." शेवटी कॉलेजात गेलो. खानापूरकडची एक पोरगी होती, आणि बैलहोंगलचा एक पोरगा, मराठी समजणारा पण बोलायला लाजणारा. तिनं आयकराच्या पोर्टलवर माझं खातं उघडलं आणि म्हणाली, "मामा, हा नंबर कुणाचा?"

नंबर कॉम्प्युटरवाल्याचा. ईमेलही त्याचाच. त्यानं वाहतुकीचा धंदा न दाखवता सगळं भाडं 'इतर उत्पन्न' म्हणून 'सहज' नावाच्या, धंदेवाल्यांना न चालणाऱ्या फॉर्ममध्ये घातलं होतं. खात्यानं रिटर्न सदोष असल्याची नोटीस काढून दुरुस्तीला १५ दिवस दिले, ती त्याच्या मेलमध्ये पडून राहिली आणि रिटर्न बाद झालं, म्हणजे न भरल्यासारखंच. फॉर्म चुकला हे मी धरत नाही, चुकतो माणूस. पण नोटीस माझ्या नावाची आणि वाजणार दुसऱ्याच्या खिशात, हे मला अजून पचलेलं नाही.

पोरांनी आधी माझा नंबर घातला, ईमेल काढून दिला, नवा पासवर्ड मलाच डिझेलच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लावला. मग विलंबमाफीचा अर्ज, म्हणजे मुदत गेली तरी रिटर्न घ्या असा. आकारणी वर्ष (कमाईच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो, हे तिथंच कळलं. निकाल यायचाय. आणि निघता निघता तो बैलहोंगलचा पोरगा हळूच बोलला: दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या असणाऱ्यानं पॅनसकट तसं लिहून दिलं, की टीडीएस कापायचाच नसतो. सात वर्षं मी कापून घेतोय! कॉम्प्युटरवाल्याला ठाऊक नसेलही, पण दरवर्षीचे पाचशे त्याचेच होते.

पोरांची मर्यादाही आहे. ती खात्यापुढं तुमच्या वतीनं उभी राहू शकत नाहीत. तशी वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी कचेरीत, विचारून बघा, फोन १५१००. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथं उत्पन्नाची अट नाही. जीएसटी, दोन-चार धंदे असला पसारा असेल तर सरळ सीए गाठा. नुसतं अडकलेलं रिफंड असेल तर मी कॉलेजच म्हणेन. संकोच नको, असं केंद्र चालवणं लॉ कॉलेजांना बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या परिषदेच्या, २००८ च्या नियमांनीच घालून दिलंय.

जाताना पॅन, पासबुक, टीडीएसचा दाखला आणि आधारला जोडलेला मोबाईल न्या. आमचा तो बायकोकडं, आणि बायको येळ्ळूरला माहेरी. पहिला शनिवार त्यातच गेला.