पेसमेकर बसवल्यानंतरची सेवा: कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयाचा अनुभव

गेल्या श्रावणात रंकाळ्यावर फिरताना माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना (वय 71), भोवळ आली, तेव्हा त्यांची नाडी मिनिटाला 34 होती. पूर्ण हार्ट ब्लॉकचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचण्याचे) निदान झाले आणि शहरातील एका खासगी रुग्णालयात त्यांना दोन तारांचा कायमस्वरूपी पेसमेकर (हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे छोटे यंत्र) बसवण्यात आला. शस्त्रक्रियेबद्दल माझी तक्रार नाही. हा अभिप्राय तिसऱ्या दिवशी घरी सोडल्यानंतर मिळालेल्या सेवेबद्दल आहे.

सोबत दिलेल्या कागदावर 'डाव्या हातास विश्रांती द्यावी' एवढेच वाक्य होते. तारेचे टोक हृदयाच्या आतल्या भिंतीत पक्के धरायला काही आठवडे लागतात, तोवर कोपर खांद्याच्या वर नेऊ नये व जड वस्तू उचलू नये, आणि तरीही हात गळ्यात बांधून ठेवू नये, कारण त्याने खांदा आखडतो, हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. नवव्या दिवशी आप्पांनी माळ्यावरचा गुळाचा डबा काढला. त्याच संध्याकाळी पुन्हा भोवळ आली आणि नाडी 36 वर उतरली. रुग्णालयाचा दूरध्वनी कोणी उचलेना, म्हणून आम्ही थेट तिथेच गेलो. छातीच्या एक्स-रेत उजव्या जवनिकेतील (हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यातील) तार जागेवरून सरकलेली दिसली व दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसवावी लागली. तार कधीकधी हात न उचलताही सरकते असे डॉक्टरांनी सांगितले, त्यामुळे सारा दोष मी त्या डब्याला किंवा त्या कागदाला देत नाही. परंतु आम्हाला कल्पना असती, तर तो डबा आप्पांनी नक्कीच काढला नसता.

यापुढचे मात्र मनापासून कौतुक करावे असे आहे. आप्पा रक्त पातळ करणारी गोळी घेत असल्याने दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर यंत्राच्या जागी रक्त साचून मोठी सूज आली. सुई घालून ते काढून टाका, असा आग्रह आम्हीच धरला होता. डॉक्टरांनी ठाम नकार दिला आणि खुर्ची ओढून आप्पांशेजारी बसून समजावले, "काका, सुईबरोबर जंतू आत गेले, तर यंत्र आणि तारा सगळेच काढावे लागेल." दाबपट्टी बांधली, गोळीचे वेळापत्रक बदलले आणि दोन आठवड्यांत सूज ओसरली. तपासणीच्या दिवशी तंत्रज्ञाने प्रोग्रामर (पेसमेकर बाहेरून तपासण्याचे उपकरण) छातीवर ठेवून तारांचा थ्रेशोल्ड (ठोका पाडण्यासाठी लागणारी किमान विद्युतशक्ती) आणि बॅटरी तपासली व प्रत्येक आकड्याचा अर्थ सांगितला.

त्यामुळे उपचारांसाठी मी हे रुग्णालय सुचवीन. मात्र घरी निघण्यापूर्वी हाताच्या हालचालींचे नियम, रात्री उचलला जाईल असा क्रमांक आणि यंत्राचे ओळखपत्र मागून घ्यावे. जखमेवर लाली, पू किंवा ताप दिसल्यास, किंवा उचकी थांबेनाशी झाल्यास, पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. मराठीत छापील सूचनापत्रक द्यावे, असा लेखी अर्ज मी व्यवस्थापनाकडे दिला आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.