मजुरीतून टीडीएस कापला, पण २६एएसमध्ये दिसत नाही: जॉबवर्कवाल्यांनो, सावध

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या जॉबवर्कमध्ये फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार आहे. सूत व्यापाऱ्याचे, माग तुमचे. मजुरीचे बिल निघाले की व्यापारी एक टक्का टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारात भरायचा आयकर) कापून उरलेली रक्कम खात्यात टाकतो. कापलेला टक्का मात्र सरकारात जातच नाही, किंवा भलत्याच पॅनवर जातो. कळते ते रिटर्न भरायला बसल्यावर, २६एएस म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा पाहिला की. तोवर वर्ष संपलेले असते आणि व्यापारी दुसऱ्याकडून माल विणून घेत असतो.

१९६१च्या आयकर कायद्याच्या कलम १९४सीनुसार मजुरी घेणारा व्यक्ती किंवा एकत्र कुटुंब असेल तर १ टक्का, भागीदारी फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के कपात होते. एक बिल ३०,००० रुपयांच्या वर किंवा वर्षाची मजुरी १ लाखाच्या वर गेली की ती लागू. पॅन दिला नाही तर थेट २० टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कपात जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवरच करायची. सूत तुम्हीच बाजारातून घेतले आणि टॉवेल विकला, तर ती विक्री झाली. तिथे १९४सी येत नाही. शिवाय व्यापारी एकटा मालक असेल आणि त्याची मागच्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या आत असेल, तर टीडीएस कापण्याची जबाबदारीच त्याच्यावर नसते. अशा कित्येकांकडे टॅनही (कर कापणाऱ्याला मिळणारा क्रमांक) नसतो. तरी "टीडीएस वजा" म्हणून पैसे कापले जातात. म्हणून पहिल्याच बिलाला टॅन मागा: दहा खुणांचा असतो, आधी चार अक्षरे, मग पाच अंक, शेवटी एक अक्षर. टॅन देत नसेल तर कपात मान्य करू नका.

टॅन असूनही फसवता येते, ते चलनाच्या जोरावर. विचारायला गेलात की व्यापारी बँकेचे चलन पुढे करतो: तारीख, बँक शाखेचा बीएसआर कोड, रक्कम, सगळे खरे. पण चलनावर तुमचे नाव नसते, पॅनही नसतो. ते व्यापाऱ्याच्या टॅनवर एकगठ्ठा भरलेले असते. एकच चलन दहा मागवाल्यांना दाखवता येते. त्यातले किती पैसे कोणाचे, हे ठरते २६क्यू या तिमाही विवरणपत्रात. त्यात तुमचा पॅन आणि रक्कम नसेल, तर ते चलन तुमच्यासाठी रद्दी. कधी पॅनचे एक अक्षर चुकवलेले असते, कधी त्या जागी व्यापाऱ्याच्या घरच्याच कोणाचा पॅन असतो. पहिली चूक असू शकते, दुसरी नव्हे.

दुसरा कागद म्हणजे फॉर्म १६ए. हे टीडीएसचे प्रमाणपत्र आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरूनच डाउनलोड झालेला असला पाहिजे, आणि त्यावर सात अक्षरांचा प्रमाणपत्र क्रमांक असतो. एक्सेलमध्ये बनवून शिक्का मारलेला १६ए सर्रास दिला जातो. दिसायला तो खऱ्यापेक्षा नीटनेटका असतो. ट्रेसेसवर करदाता म्हणून लॉगिन केले की टीडीएस प्रमाणपत्र पडताळण्याची सोय आहे. टॅन, प्रमाणपत्र क्रमांक, वर्ष आणि रक्कम टाकली की खरे-खोटे कळते.

आता रिटर्न भरायचे सॉफ्टवेअर. समजा २०२५-२६मध्ये मजुरी १८ लाख, कपात १८,०००. सॉफ्टवेअर आधीच भरलेली माहिती ओढते तेव्हा टीडीएसच्या तक्त्यात ९,००० येतात, कारण व्यापाऱ्याने विवरणपत्र दोनच तिमाहींचे भरलेले असते. तिथे हाताने नवी ओळ टाकून १८,००० करता येतात. सॉफ्टवेअर अडवत नाही, रिटर्न अपलोड होते, ई-व्हेरिफायही होते. पडद्यावरचा १८,०००चा रिफंड दाखवून टक्केवारीत फी घेणारे ऑपरेटर याच सोयीवर जगतात. पुढे आयकर खात्याच्या बेंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून, कलम १४३(१)ची सूचना येते. तिच्यात दोन रकाने असतात, तुम्ही सांगितलेले आणि त्यांनी मोजलेले; दुसऱ्यात ९,०००च. ऑपरेटरची फी तोवर गेलेली असते.

याहून वाईट सल्ला म्हणजे "२६एएसमध्ये जेवढी मजुरी दिसते तेवढीच दाखवा". असे करू नका. मजुरी पूर्ण १८ लाख दाखवायची, हातात आलेले १७,८२,००० नव्हे. कापलेला कर हेही तुमचेच उत्पन्न धरले जाते.

प्रत्येक तफावत म्हणजे लबाडी नसते. जानेवारी ते मार्चचे विवरणपत्र भरायची मुदत ३१ मे आहे, म्हणून १५ जूनच्या आधी २६एएस पाहून घाबरू नका. व्यापाऱ्याने मार्चचे बिल एप्रिलमध्ये नोंदवले तर कपात पुढच्या वर्षात दिसते. २६एएसमधली खूणही वाचा: एफ म्हणजे जमा झाले, यू म्हणजे विवरणपत्र भरले पण चलन जुळले नाही. यू असेल तर व्यापाऱ्याकडून दुरुस्ती विवरणपत्र भरून घ्या. एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरचा तुमच्या व्यवहारांचा वार्षिक तक्ता) अभिप्राय नोंदवून टीडीएस वाढत नाही. २६एएसमध्ये व्यापाऱ्याचे नावच नसेल तर मात्र संशय घ्या. ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर एकेकदा २६एएस पाहिले, तर पहिली बुडालेली तिमाही मागावर पुढचे बीम (ताण्याचा रूळ) चढवण्याआधीच सापडते.



पैसे अडकलेच, तर तुमच्यावर कर निघतो की रिफंड, यावर पुढचे ठरते. कर निघत असेल आणि सीपीसीने तेवढीच मागणी काढली, तर कलम २०५ तुमच्या बाजूने आहे: कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी आणि पुन्हा ११ मार्च २०१६ रोजी अधिकाऱ्यांना हेच कळवले आहे. पोर्टलवर थकीत मागणीच्या उत्तरात "असहमत" निवडून पुरावे जोडा. रिफंड निघत असेल, आणि लहान मागवाल्यांचे बहुधा तेच असते, तर हे कलम फारसे कामाला येत नाही, कारण जमाच न झालेले पैसे खाते परत देत नाही. तिथे ती कपात म्हणजे थकलेली मजुरी, असे व्यापाऱ्याला लेखी कळवून वसुली त्याच्याकडूनच करावी लागते.

दोन्हीकडे पुरावा एकच लागतो: कपात झाल्याचा. बिल, निव्वळ रक्कम जमा झालेला बँक उतारा, आणि व्यापाऱ्याच्या सहीचा खातेउतारा, ज्यात टीडीएस वेगळ्या ओळीत लिहिला आहे. हा उतारा दर तिमाहीला घ्या, भांडण झाल्यावर कोणी सही करत नाही. तक्रार व्यापाऱ्याच्या टॅनचा अधिकार असलेल्या टीडीएस अधिकाऱ्याकडे करायची, आपल्या आयकर वॉर्डात नव्हे. कापून न भरलेल्या करावर व्यापाऱ्याला महिना दीड टक्का व्याज लागते आणि कलम २७६बीखाली खटलाही होऊ शकतो. कलमांचे हे आकडे १९६१च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६पासूनच्या कपातीला २०२५चा कायदा लागू असल्याने, त्या काळासाठी अर्जात नवे क्रमांक घाला.